जेवल्यावर घ्यायचा अंगारा

त्या मंगळवारी वाडीवर इतकी गर्दी होती की जीपमधून उतरता उतरता माझी एक चप्पल गेली ती गेलीच. पुढाऱ्याची सभा नव्हती, कुस्त्यांचा फड नव्हता. जमल्या होत्या सगळ्या गुडघेवाल्या. कुणी काठी टेकत आलेली, कुणी लेकाच्या पाठुंगळी, कुणी बैलगाडीत गोणपाटावर पडून. आणि मधल्या ओट्यावर, रेणुकाईच्या पितळी मुखवट्यासमोर, दहा-बारा बाया ओळीनं बसवलेल्या. तोंडं गोल गरगरीत, गाल लालबुंद, कपाळभर मळवट.

मच्छिंद्र महाराजानं शंख फुंकला आणि दोन्ही हात वर केले.

"ह्या बाया आल्त्या तवा कशा आल्त्या?"

"रांगत!" गर्दी ओरडली.

"आता कशा हायेत?"

"चालत!"

"न् तोंडं कुनासारखी झाली?"

"आईसारखी!"

"बराबर! अरे, माहूरगडावर आईचं फक्त मुख हाय. हात न्हाई, पाय न्हाई. कामून न्हाई? आईनं आपले हातपाय ह्या लेकींना देऊन टाकले! न् वरून आपलं मुखबी दिलं! आता बोला!"

काय बोलणार कपाळ! असा युक्तिवाद मी जन्मात ऐकला नव्हता. हा बाबा जालन्याच्या कोर्टात उभा राहिला असता तर जज्जानं खुर्ची सोडून पळ काढला असता. पण लोकांनी टाळ्या पिटल्या, 'उदे गं अंबे उदे' झालं, आणि ओळीतली तिसरी बाई उठून घुमायला लागली. ती तिसरी बाई म्हणजे माझी सख्खी बहीण, गोजरआक्का.

हे दोन हजार चार सालचं. वाडीचं नाव मी सांगत नाही, कारण तिथल्या बाया अजूनही माझ्याकडं ब्लाउज शिवायला टाकतात. मी बेबीनंदा. मंठ्यात एसटी स्टँडच्या मागल्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. तोंडानं फटकळ आहे, ते गिऱ्हाईकं सांगतातच. पण मशीनवर बसायला मला आक्कानंच पाठवलं, अख्खं घर नको म्हणत असताना. त्यामुळं जगाशी भांडले तरी आक्काशी भांडताना माझी जीभ जरा अडखळते.

आक्काला संधिवात, त्या मंगळवाराच्या कितीतरी आधीपासून. सकाळी उठली की बोटं उघडायची नाहीत. भाकरी थापणं सोडा, साडीच्या निऱ्या घालायला सून लागायची. एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गुण यायला दोन-तीन महिने लागतील. तेवढं थांबतो कोण? आमच्या दाजींना, म्हणजे आक्काचे मालक रखमाजी, त्यांना कुणीतरी शेजारच्या वाडीवरल्या महाराजाचं नाव सांगितलं. महाराज आईचा अंगारा गुळात वळून द्यायचा, रोज एक गोळी. तिसऱ्याच दिवशी दाजींचा शेजाऱ्याच्या फोनवरून निरोप आला, "बेबे, तुझी बहीन भाकरी थापून राह्यली!"

मी गेले बघायला. खरंच थापत होती. थप थप थप! खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा चमत्कार असावा असं चहा होईपर्यंत मलाही वाटलं.

चहा पिताना आक्कानं नियम सांगितले. "एक दिवसबी नेम चुकवायचा न्हाई. अंगारा जेवल्यावर घ्यायचा, उपाशीपोटी बिलकुल न्हाई. न् मंगळवारचा उपास बंद."

"उपास बंद?" मी कपच खाली ठेवला. "देवीचा भगत न् उपास करू नका म्हनतो?"

"आईच म्हनती, लेकरांनी उपाशी ऱ्हाऊ नये."

"एवढ्या वर्षांत तर कधी म्हनली न्हाई ती! आपल्या आज्जीनं नवरात्राचे निर्जळी उपास केले, तवा कुठं गेल्ती तिची माया?"

"तू लई शहाणी. कात्री हातात ठेवत जा, तोंडात नगं."

 पण मला ते खटकलं ते खटकलंच. आपल्याकडं अंगारा कसा घेतात? आंघोळ करून, अनशापोटी, चिमूटभर जिभेवर. पोटभर भाकरी चेपून वर अंगारा घ्या, असं सांगणारा देव आमच्या अख्ख्या जिल्ह्यात कुणी पाहिला नव्हता.

मग वाडीवरून ब्लाउज यायला लागले. सगळ्यांची एकच तक्रार, पोटाला दाटतोय, मानेला दाटतोय, उसवून दे. उसवून दिले. तेव्हा एक गंमत दिसली. बाई अंगानं भरते तेव्हा दंडही भरतात. ह्यांच्या मानेमागं गोळा आलेला, पोट सुटलेलं, आणि दंड मात्र काडीसारखे, बाह्या लोंबायच्या. त्याचा अर्थ काय ते मला कुठलं कळायला? मी आपली चेष्टा केली, "आईनं मुख दिलं म्हनता, मंग दंड कुनी नेले?" बाया चिडल्या. एक तर आपलं कापड उचलून दुसऱ्या टेलरकडं गेली.

नवरात्र आलं. महाराज भक्तांचा ताफा घेऊन माहूरला गेला तो दसरा होऊन गेला तरी परतेना. वाडीवरचा अंगारा संपला. चार दिवसांत बाया पटापट अंथरुणाला खिळल्या. बाकीच्यांचे सांधे परत आखडले, एवढंच. आक्काचं अन्न सुटलं, उलट्या सुरू झाल्या, आणि मग डोळे पिवळे झाले.

महाराज परत आला आणि ओट्यावर न टेकता थेट आक्काच्या अंगणात जाऊन गरजला, "नेम चुकला! कोप झाला! आता जोडीनं दोन-दोन गोळ्या! न् गळ्यात ही काविळीची माळ!"

मी पोचले तेव्हा आक्का माळ घालून भिंतीला टेकून बसली होती. अंग हळदीनं माखल्यासारखं. मी हाक मारली तर तिनं मला "माय" म्हटलं. आमची आई जाऊन कैक वर्षं झाली होती. मग सारखी झोपायला लागली. 

"दाजी, जीप काढा. जालन्याला न्यायची."

"महाराज म्हनले, गावाची शीव वलांडली तर..."

"महाराजाच्या नावानं आंघोळ करा! माझी बहीन मरून राह्यली हितं!"

दाजींनी जीप काढली. देवापेक्षा मेव्हणीला घाबरले असतील.

जालन्यात डॉ. साहेबराव खरात म्हणून लिव्हरचे आजार बघणारे डॉक्टर होते. बोलायला मऊ, पण प्रश्न विचारायला एकदम चिवट. त्यांनी आक्काचे डोळे पाहिले, मानेमागचा गोळा दाबून पाहिला, दंड पाहिले.

"औषधं कोणती चालू आहेत?"

"कोनतंच न्हाई," दाजी म्हणाले. "फक्त आईचा अंगारा."

"कधी घ्यायचा?"

"जेवल्यावर."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "जेवल्यावर? उपाशीपोटी नाही?"

"न्हाई. उपासबी नगं म्हनतेत."

"आणि एकही दिवस चुकवायचा नाही?"

"तुम्हाला कसं ठाव?" दाजी चाट पडले.

"कारण मीही माझ्या पेशंटला हेच दोन नियम सांगतो," डॉक्टर म्हणाले, "जेव्हा मी त्यांना स्टिरॉइड देतो."

अंगाऱ्याची एक गोळी त्यांनी औरंगाबादला तपासायला पाठवली. पण आक्काचं रक्त तपासून झालं आणि घात झाला. डॉक्टरांना संशय होता हेपटायटिस बी ह्या काविळीचा. रिपोर्ट आला, नाही! ए नाही, ई नाही, सी नाही, आणि ही बी पण नाही. दारूचा तर प्रश्नच नव्हता.

ही बातमी वाडीवर कशी पोचली देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र महाराज नारळ घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात हजर!

"काय रखमाजी? डाक्तराच्या मशिनीनंच सांगितलं ना, रोग न्हाई? मंग हाय काय? अरे, आईचा कोप मशिनीत कुठून दिसनार? चल, उचल तिला. आज मंगळवार हाय. उद्यावर गेलं तर माझ्या हातात न्हाई."

दाजींनी आक्काच्या अंगावरची चादर घडी करायला घेतली. मी दारात आडवी उभी राहिले.  रोग आहे म्हणणारी मीच, आणि कागद म्हणत होता रोग नाही. आक्का मान टाकून घोरत होती. जीपमध्ये घातली असती तर ती वाडीपर्यंतही टिकली नसती, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

तेवढ्यात डॉक्टर आले. महाराजाकडं त्यांनी पाहिलंही नाही. दाजींसमोर स्टूल ओढून बसले.

"रखमाजीभाऊ, माझी तपासणी चुकली असं मला वाटतंय."

दाजींचा हात थांबला. महाराज हसला, "ऐका! सोताच कबूल करून राह्यले!"

"हो, मीच सांगतोय," डॉक्टर म्हणाले. "ही तपासणी विषाणूला त्याच्या अंगरख्यावरून ओळखते. पण विषाणू स्वतःच्या नकला काढत वाढतो आणि नकला काढताना चुकतो. एखादी चूक अशी होते की त्याचा अंगरखाच बदलून जातो. मग आमची तपासणी त्याला समोर बघूनही ओळखत नाही. बेबीनंदाताई, तुम्ही टेलर आहात ना? एखाद्याला नुसतं त्याच्या शर्टावरून शोधायला निघालात आणि त्यानं शर्टच बदलून शिवला तर?"

"समोरून गेला तरी कळनार न्हाई," मी म्हणाले.

"तसंच. म्हणून मी दुसरी तपासणी केली, विषाणू पूर्वी शरीरात येऊन गेल्याच्या खुणांची. त्या खुणा सापडल्यात. आता प्रत्यक्ष विषाणू शोधायला रक्त मुंबईला पाठवलंय, तिथली तपासणी अंगरखा बघत नाही, विषाणूच्या आतली लिपीच वाचते. पण रिपोर्टची वाट बघत बसलो तर गोजरबाई हाताला लागायच्या नाहीत. मला विषाणूविरुद्धची गोळी आजच सुरू करायची आहे. तुमची परवानगी हवी."

"न् रिपोर्टात काही निघालं न्हाई तर?" दाजींनी विचारलं.

"तर मी तुम्हाला सांगेन की मी पुन्हा चुकलो, आणि पुन्हा शोधीन."

दाजींनी हातातली चादर मांडीवर ठेवली. मग त्यांनी महाराजाकडं पाहिलं. "महाराज, तुमचं कधी चुकलं का हो?"

"आईचं कधी चुकतं का?" महाराज छाती काढून म्हणाला.

"म्हंजे भाकरी थापली तर तुमचा गुन, न् मेली तर हिचा नेम चुकला," दाजी हळूच म्हणाले. चादर त्यांनी परत आक्काच्या अंगावर घातली. "डाक्तरसाब, द्या गोळी. तुम्ही जावा महाराज, नारळ घेऊन जावा."

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. रडताना मला कुणी बघितलेलं आवडत नाही.

पुढचे काही दिवस वाईट गेले. मुंबईचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर जवळजवळ पळतच वॉर्डात आले. विषाणू होता, आणि भरमसाट होता! तिथल्या संशोधकांनी त्याची लिपीही वाचून कळवली होती, अंगरख्याच्या जागची अक्षरं खरंच बदललेली. औरंगाबादचाही कागद आला. अंगाऱ्यात गोवऱ्यांची राख, गूळ आणि कुटलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, ज्या उपाशीपोटी घेतल्या तर पोट जाळतात.

"पर सगळ्या वाडीनं खाल्ला ना अंगारा," दाजींनी विचारलं. हा प्रश्न त्यांना बरेच दिवस टोचत असावा. "मंग कावीळ हिलाच कामून झाली?"

डॉक्टरांना प्रश्न आवडला. म्हणाले, "शेतावर जागल्या असतो ना, तशी शरीराची राखण असते. ह्यांच्या अंगातला जागल्या बिघडला आणि आपल्याच सांध्यांवर काठ्या चालवायला लागला, तो संधिवात. स्टिरॉइडनं जागल्या झोपला, म्हणून तिसऱ्या दिवशी भाकरी. पण ह्यांच्या लिव्हरमध्ये हा विषाणू कित्येक वर्षं दबा धरून होता. लहानपणी आईकडून आला असेल, नाहीतर एकाच सुईनं गावभर इंजेक्शनं द्यायचे तेव्हा आला असेल. जागल्या झोपला तसा तो मोकाट वाढला. अंगारा एकदम संपला, जागल्या खडबडून उठला, आणि विषाणूला झोडपता झोडपता त्यानं लिव्हरच झोडपलं."

"न् बाकीच्या बाया?"

"त्यांच्यात बहुतेक विषाणूच नाही. शिवाय सगळे विषाणू सारखे उसळत नाहीत. अंगरखा बदललेले जागल्यालाही चकवतात, म्हणून राखण ढिली पडली की असले जास्त डोकं वर काढतात, असं दिसतंय. पूर्ण उलगडा अजून कुणाला झालेला नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "घरच्या सगळ्यांची तपासणी करा. ज्यांना नाही त्यांनी लस घ्या."

आम्ही घेतल्या. दाजी सुईला भ्यायले, ते वेगळं.

आक्का हळूहळू शुद्धीवर आली. पहिलं वाक्य काय बोलली असेल? "बेबे, तुझं दुकान बंद ठेवून हितं काय करून राह्यलीस?" मी तिला अशी झापली की नर्स धावत आली.

मग एका मंगळवारी डॉक्टर, दाजी आणि मी वाडीवर गेलो. गर्दी होतीच. महाराज आम्हाला बघून जरा चपापला, पण गडी पक्का.

"या डाक्तर! सायन्स शेवटी आईच्या पायाशी आलं!"

"अंगाऱ्यात स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "सरकारी प्रयोगशाळेचा कागद आहे."

"कागदं काय, पैशाला पासरी मिळतेत!" महाराज गर्दीकडं वळला. "सांगा रे, गुन आला का न्हाई?"

"आला!" गर्दी.

डॉक्टरांनी तोंडं का सुजतात, दंड का वाळतात ते समजावून सांगायचा प्रयत्न केला. कोण ऐकतो? 'उदे गं अंबे' सुरू झालं. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात माझी नजर ओट्यामागच्या घराच्या दाराकडं गेली. तिथं द्वारकाबाई बसली होती, महाराजाची म्हातारी आई. हाताची बोटं आक्काच्यापेक्षा वाकडी. पेल्याला दोन्ही तळहात लावून पाणी पीत होती.

मी सरळ तिच्यापाशी गेले आणि मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "मावशी, तुमचे हात इतके दुखतेत न् लेकाचा अंगारा घेत न्हाई व्हय?"

म्हातारीला वाटलं, आपली कुणीतरी विचारपूस करतंय. बिचारीनं मनातलं सगळं सांगून टाकलं.

"काय सांगू माय! रोज मागते. समद्या मुलखाला वाटतो, न् मला म्हनतो, माय, तू नगं खाऊ, तुझं तोंड सुजंल, हाडं ठिसूळ व्हतील. म्हनलं, मंग लोकाच्या मायांचं काय रे?"

आरोळी अर्धवट राहिली.  ओट्यावरच्या गोल तोंडाच्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं, आणि एकीचा हात आपसूक आपल्या गालावर गेला.

"माय, तू आत जा!" महाराज किंचाळला.

"थांब रे!" ओळीतली एक बाई उठली. माझ्या दुकानातून कापड उचलून नेणारी तीच. "कामून जाईल ती आत? ती माय, न् आमी कोन?"

मग जे झालं ते पोलीस येईपर्यंत चाललं. लोकांनी त्याला मारू नये म्हणून डॉक्टर स्वतः मध्ये उभे राहिले. तो आधी औषधांच्या दुकानात कामाला होता, तिथंच हे शिकला, हे नंतर कळलं. त्याही गोंधळात डॉक्टर ओरडून सांगत होते, "बायांनो, अंगारा आज एकदम थांबवू नका! शरीर त्यावर अवलंबून राहतं, एकदम सुटला तर जिवाला धोका आहे! उद्या तपासायला या, हळूहळू कमी करून देतो!" नेम चुकवू नका, हे त्या ठकाचं सांगणं तेवढं खरं होतं. का चुकवू नये, ते मात्र त्यानं कधीच सांगितलं नव्हतं.

आई रेणुका माझीही आहे. मुखवट्यासमोर मीही हात जोडते. पण तिच्या नावानं पुडी बांधणाऱ्याला प्रश्न विचारला तर तिला राग येतो, असं मला कुणी सांगू नये. उलट प्रश्न न विचारल्यानं माझी बहीण जात होती. डॉक्टरलाही विचारा, वैद्यालाही विचारा, बुवाला तर दोनदा विचारा. खरं बोलणारा उत्तर देतो, नाहीतर ठाऊक नाही म्हणतो. कोपाची भीती घालणाऱ्यापासून मात्र आपल्या म्हाताऱ्यांना उठवून घरी न्या.

आक्काची विषाणूची गोळी चालू आहे. बोटं थोडी दुखतात, भाकरी थोड्या वाकड्या होतात. त्यासाठी डॉक्टर खरातांनी तिला संधिवाताची दुसरी गोळी लिहून दिली, लिव्हरला झेपणारी. तेव्हा मी शेजारीच होते. आक्कानं चिठ्ठी हातात घेतली, पण उठेना.

"काय झालं गोजरबाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"ह्यात काय हाय, ते आधी सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. काय त्रास होऊ शकतो, कधी परत यायचं, तेही सांगितलं. आक्का तरी बसूनच.

"न् डाक्तरसाब, तुमच्या मायला दिली असती का हीच?"

दाजी शरमून तिला गप्प करायला लागले. डॉक्टर मात्र मनापासून हसले. "माझ्या आईलाही संधिवात आहे गोजरबाई. ती हीच गोळी खाते. आणि ती पण असेच प्रश्न विचारते."

"मंग बराबर हाय," आक्का म्हणाली, आणि चिठ्ठी कनवटीला लावून उठली.